बर्फाच्या भरवशावर किती पैसे लावायचे?

दिवाळीचा फराळ संपत आला की अनेक घरांत एक चर्चा सुरू होते. यंदा नाताळच्या सुट्टीत मुलांना बर्फ दाखवायचा, जमलं तर स्कीइंगही करून घ्यायचं. गुलमर्गचं नाव निघतं आणि घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, आजच बुक करून टाका, उशीर केला तर विमानाची तिकिटं आवाक्यात राहणार नाहीत. दुसरा म्हणतो, घाई कशाला? बर्फ पडल्याचं कळलं की निघू, शेवटच्या क्षणी स्वस्तातही मिळेल.

दोघांचंही थोडं बरोबर आहे आणि थोडं चूक. पहिल्यांदाच स्कीइंगला निघालेल्या, पैसे मोजून खर्च करणाऱ्या आणि रजा जपून वापरणाऱ्या माणसासाठी या वादाचा निकाल लावता येतो. त्यासाठी काही गोष्टी नीट समजून घ्याव्या लागतात.

आधी दुसऱ्या पक्षाचा एक गैरसमज दूर करू. ऐनवेळी स्वस्त मिळतं, ही गोष्ट आल्प्समधली आहे. ब्रिटनमधल्या सहल कंपन्या आल्प्ससाठी विमानातल्या जागा आणि हॉटेलातल्या खोल्या आठवड्याच्या हिशेबाने आधीच घेऊन ठेवतात. निघायची तारीख तोंडावर आली आणि जागा उरल्या तर त्या पडेल भावाने विकतात, कारण रिकामी जागा म्हणजे निव्वळ तोटा. आपल्याकडे गुलमर्गसाठी हा व्यवहार असा चालत नाही. विमान कंपनीचं भाडं तारीख जवळ येईल तसं बहुधा चढत जातं. गुलमर्ग हे डोंगरातलं वाटीसारखं छोटं पठार आहे. तिथे हॉटेलं मोजकीच आहेत आणि हंगामात ती भरतात. चांगला बर्फ पडल्याची बातमी तुमच्यापर्यंत पोहोचते, त्याच तासाला ती दिल्ली, अहमदाबाद आणि कोलकात्यातही पोहोचलेली असते. म्हणजे बर्फ पडल्यावर भाव चढतात.

मग थांबून काहीच मिळत नाही का? मिळतं, पण स्वस्ताई नव्हे. थांबणाऱ्याला बर्फाची खात्री मिळते. लवकर बुक करणाऱ्याला जागा आणि बरा भाव मिळतो, बर्फाची खात्री मात्र मिळत नाही. यातलं तुम्हाला काय जास्त हवं आहे, हा खरा प्रश्न आहे.

बर्फाचं वेळापत्रक

काश्मिरात हिवाळ्याचा सर्वांत कडक काळ चिल्लई कलान या नावाने ओळखला जातो. २१ डिसेंबरला तो सुरू होतो आणि चाळीस दिवस चालतो. त्यानंतर वीस दिवसांचा चिल्लई खुर्द आणि शेवटी दहा दिवसांचा चिल्लई बच्चा. हा सारा काळ फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चच्या तोंडाशी संपतो. पश्चिमेकडून येणारे विक्षोभ या काळात बर्फ आणतात. थंडी मुरलेली असते, त्यामुळे पडलेला बर्फ टिकतो आणि थरावर थर चढत जातो. आता नाताळची सुट्टी कुठे येते ते पाहा. ती या हंगामाच्या अगदी सुरुवातीला येते. थर साचायला वेळच मिळालेला नसतो. म्हणजे आपण सर्वांत महागडा आठवडा निवडतो आणि बर्फाची हमी मात्र त्याच आठवड्यात कमी असते.

हमी तशी कुठल्याच आठवड्याची नाही. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार महिनाअखेरपर्यंत जवळपास उघडे होते. पिवळ्या गवताचे फोटो देशभरातल्या वर्तमानपत्रांत आले. बर्फ आला तो महिन्याच्या अगदी शेवटी आणि फेब्रुवारीत. पुढच्या हिवाळ्यात उलटसुलट दोन्ही घडलं. २०२४ च्या डिसेंबरअखेर एवढा बर्फ कोसळला की श्रीनगरची विमानं रद्द झाली, रस्ते बंद पडले आणि पर्यटक वाटेतच अडकले. आणि त्याच हिवाळ्यात फेब्रुवारीत बर्फ पुरेसा नाही म्हणून गुलमर्गच्या ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या. २२ फेब्रुवारीला सुरू व्हायच्या त्या स्पर्धा ९ ते १२ मार्च २०२५ या काळात पार पडल्या. सरकारी यंत्रणा आणि देशभरातले खेळाडू यांनाही तारीख हलवावी लागते, तिथे आपल्याला कोणी बर्फाची हमी देईल, ही अपेक्षा ठेवू नका. कोणी एजंट ‘शंभर टक्के बर्फ’ असं सांगत असेल तर तो तुम्हाला स्वतःच्या हातात नसलेली वस्तू विकतो आहे.

तरीही अंदाज बांधायचा झाला तर जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीचा तिसरा आठवडा हा काळ नवशिक्यासाठी सर्वांत बरा. तोवर थर साचलेला असतो, दिवस थोडा मोठा झालेला असतो आणि नाताळ-नववर्षाची गर्दी ओसरलेली असते.

कुठल्या उंचीवरचा बर्फ?

ऐनवेळी निघणारे बहुतेक जण एका ठिकाणी फसतात. मोबाइलवर व्हिडिओ येतो. गुलमर्ग पांढरंशुभ्र, कोणीतरी भन्नाट वेगाने उतरतोय. आपण तिकीट काढतो. पोहोचल्यावर कळतं की तो बर्फ वर होता.

गुलमर्गचं पठार सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. तिथून गंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, पहिला टप्पा कोंगडोरीला नेतो, तो १९९८ मध्ये सुरू झाला. दुसरा टप्पा २००५ मध्ये सुरू झाला आणि तो अफरवट पर्वताच्या अंगावर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत चढतो. वर आणि खाली यांत तेराशे मीटरचा फरक आहे. वर बर्फ लवकर येतो आणि उशिरापर्यंत राहतो, पण तो उतार तीव्र आणि मोकळा असतो. तिथे बर्फ दाबून सपाट केलेल्या वाटा नाहीत. ते काम मुरलेल्या स्कीपटूंचं. पहिल्यांदा पायात स्की बांधणारा माणूस शिकतो तो खालच्या पठारावरच्या सौम्य उतारांवर, आणि बर्फ कमी असेल तर सर्वांत आधी उघडे पडतात ते हेच उतार.

म्हणून हॉटेलवाल्याला किंवा गाइडला ‘बर्फ आहे का?’ असं विचारू नका. उत्तर ‘हो’ असंच येईल आणि ते खोटंही नसेल. विचारा, ‘खाली नवशिक्यांच्या उतारावर आज स्कीइंग चालू आहे का? आजचा व्हिडिओ पाठवता का?’ दोन वेगवेगळ्या माणसांना विचारा. त्याच्या जोडीला श्रीनगरच्या हवामान केंद्राचा पुढच्या चार-पाच दिवसांचा अंदाज पाहा. अंदाजावर विसंबायचं तर एवढेच दिवस धरा. पंधरा दिवसांनंतर किती बर्फ असेल, हे सांगणाऱ्यावर पैसे लावू नका.

आणखी एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे. ताजा, भरपूर बर्फ पडला की ऐनवेळी निघणारे धावतात, आणि हिमस्खलनाचा धोका नेमका त्याच दिवसांत वाढतो. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटवरच्या हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीपटू गेले. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी रशियाचा एक स्कीपटू असाच गेला. हे अनुभवी लोक होते. मोठ्या बर्फवृष्टीनंतर किंवा जोराच्या वाऱ्यात गंडोलाचा दुसरा टप्पा बंद ठेवतात, तेव्हा हुज्जत घालू नका आणि ‘मी दुसऱ्या वाटेने नेतो’ म्हणणाऱ्याच्या मागे जाऊ नका. उलट मुक्कामात एक दिवस मोकळा ठेवा, म्हणजे आजचं उद्यावर ढकलता येईल.

सगळं एकदम ठरवू नका

पाऊस येण्याआधी कोरड्या मातीत बी टाकणं, म्हणजे धूळपेरणी, आपल्या शेतकऱ्याला नवी नाही. पाऊस वेळेवर आला तर पीक सगळ्यांच्या आधी हाती येतं आणि नाही आला तर बियाणं मातीत जातं. म्हणून जाणता शेतकरी सगळं शिवार धूळपेरणीत घालत नाही. जेवढं बियाणं गेलं तरी घर चालेल, तेवढंच टाकतो. बर्फाच्या सहलीचं बुकिंगही याच हिशेबाने करा. आख्खी सहल ‘आधी’ किंवा आख्खी सहल ‘ऐनवेळी’ असं ठरवू नका. तिचे तीन भाग करा.

पहिला भाग, ज्या गोष्टी संपतात. प्रशिक्षण वर्गातली जागा, गुलमर्गमधली खोली आणि विमानाचं परवडणारं तिकीट. तारीख नक्की असेल तर या गोष्टी दोन-तीन महिने आधी घ्या.

दुसरा भाग, ज्या गोष्टी आधी घेतल्या तरी फारसं नुकसान न होता सोडता येतात. श्रीनगरमधलं रद्द करता येणारं हॉटेल, रेल्वेचं तिकीट. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं एकशेवीस दिवस आधी नाही. पुण्याहून झेलम एक्स्प्रेस जम्मूला जाते, वांद्र्याहून स्वराज एक्स्प्रेस कटऱ्याला. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत धावते आणि साधारण तीन तासांत पोहोचवते. विमानं रद्द झाली तर काश्मिरातून बाहेर पडायला आता ही दुसरी वाट आहे. मात्र त्या दिवशी सगळेच तिच्याकडे धावतात, हेही ध्यानात असू द्या.

तिसरा भाग, ज्या गोष्टी बर्फ डोळ्यांनी पाहिल्यावरच घ्यायच्या. स्की, बूट आणि काठ्यांचं भाडं, खासगी प्रशिक्षक, गंडोलाचा दुसरा टप्पा. साहित्य तिथे भाड्याने मिळतं. त्याचे पैसे मुंबईत बसून आगाऊ भरायचं काहीच कारण नाही. गंडोलाची तिकिटं केबल कार कॉर्पोरेशनच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा, दलालाकडून नको. गर्दीच्या दिवसांत पहिल्या टप्प्याची तिकिटं लवकर संपतात, तेव्हा ती तारीख पक्की झाल्यावर लगेच काढलेली बरी.

तुम्ही कुठल्या गटात बसता?

शाळेत जाणारी मुलं आणि ठरावीक सुट्टी असेल तर थांबण्यात तुमचा फायदा नाही. तारीख हलवता येत नाही, मग बर्फाची वाट पाहून करणार काय? तुम्ही लवकर बुक करा, पण सहल फक्त स्कीइंगच्या खुंटीला टांगू नका. श्रीनगर, गुलमर्ग, पहलगाम अशी आखणी करा. गुलमर्गच्या दोन-तीन रात्री मधोमध ठेवा, अगदी शेवटी नको. बर्फ मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तरी मुलांचे दिवस वाया जाणार नाहीत. मुलं सातवी-आठवीपर्यंत असतील तर नाताळऐवजी प्रजासत्ताक दिनाच्या आगेमागे चार दिवसांची रजा शाळेकडे मागून पाहा. दहावी-बारावीचं मूल घरात असेल तर हा विचार त्या वर्षापुरता सोडा.

स्कीइंग खरंच शिकायचं असेल तर तुम्हाला ऐनवेळीचा पर्याय नाहीच. गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था आहे. पहलगामला जवाहर इन्स्टिट्यूट आहे आणि मनालीला अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था. उत्तराखंडात औलीला गढवाल मंडल विकास निगम सात आणि चौदा दिवसांचे वर्ग चालवतं. या सगळ्यांच्या तुकड्यांच्या तारखा आधी जाहीर होतात आणि जागा मर्यादित असतात. शिक्षक, साहित्य आणि बहुतेक ठिकाणी राहणं-जेवण असं सगळं एका शुल्कात बसतं, म्हणून खासगी पॅकेजपेक्षा हे बरंच स्वस्त पडतं. तारखा जाहीर झाल्या की अर्ज करा आणि जमल्यास फेब्रुवारीची तुकडी निवडा. बर्फ पडला नाही तर शुल्क परत मिळेल की पुढच्या तुकडीत घेतील, हे अर्ज भरतानाच विचारा. औलीला जायचं असेल तर एक लक्षात ठेवा, २०२३ च्या जानेवारीत जोशीमठची जमीन खचल्यावर तिथला प्रसिद्ध रोपवे बंद झाला. जुन्या माहितीपत्रकावर जाऊ नका, वर जायची सोय कोणती हे विचारून निघा.

दोघं-तिघं मित्र, रजा लवचीक, स्कीइंग थोडंफार येतं, पोटाला चिमटा काढायची तयारी आहे, तर ऐनवेळी निघणं तुमच्यासाठीच आहे. पण ऐनवेळी याचा अर्थ रात्री ठरवून सकाळी निघणं असा घेऊ नका. जानेवारीच्या मध्यापासून महिनाभराचा काळ मनात धरा, रजेबद्दल साहेबांशी आधीच बोलून ठेवा, मोठी बर्फवृष्टी झाली की दोन दिवस जाऊ द्या आणि मग आठवड्याच्या मधल्या वाराचं तिकीट काढा. भाडं जास्त पडेल हे गृहीत धरा. बर्फाच्या खात्रीची ती किंमत आहे.

आणि घरातल्या आजी-आजोबांना नुसता बर्फ हातात घेऊन पाहायचा असेल तर स्कीइंगचा हंगाम कशाला हवा? मार्चमध्ये थंडी कमी असते, रस्ते बरे असतात आणि गंडोलाने वर गेलं की बर्फ असतोच. त्यांना जानेवारीच्या कडाक्यात नेऊन हॉटेलच्या हीटरपुढे बसवण्यात अर्थ नाही.

परदेशाचा विचार असेल तर निवडच उरत नाही. आल्प्ससाठी शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी करावाच लागतो. शिवाय हंगामात अर्जासाठी भेटीची वेळ मिळणंही कठीण जातं. शेवटच्या आठवड्यातली ती स्वस्त पॅकेजं भारतीय पासपोर्टवाल्यासाठी नसतातच.

पैसे भरण्यापूर्वी

लवकर बुक करणाऱ्याने दरापेक्षा रद्द करण्याची अट आधी वाचावी. हॉटेल आणि सहल कंपनीला चार प्रश्न विचारा. किती दिवस आधी रद्द केलं तर किती पैसे कापणार? रस्ता किंवा विमान बंद पडून पोहोचता आलं नाही तर काय? तारीख एकदा बदलता येईल का? पैसे परत देणार की पुढच्या सहलीत वळते करणार? उत्तरं फोनवर ऐकून सोडू नका, ईमेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या. नाताळ-नववर्षाच्या खोल्या अनेक ठिकाणी अजिबात पैसे परत न मिळण्याच्या अटीवरच विकतात, तेव्हा तिथे दोनदा विचार करा.

एप्रिल २०२५ मधला पहलगामचा हल्ला महाराष्ट्र विसरणार नाही. मारल्या गेलेल्या २६ जणांत आपल्याकडची माणसंही होती. त्यानंतर काश्मिरातली अनेक पर्यटनस्थळं बंद करण्यात आली आणि मोठ्या संख्येने सहली रद्द झाल्या. आगाऊ भरलेल्या पैशांचं काय, हा प्रश्न तेव्हा कित्येक घरांत उभा राहिला. अशा वेळी तोंडी आश्वासन कामाला येत नाही, लेखी अटच येते.

विमानाबद्दल दोन गोष्टी माहीत असाव्यात. कंपनीने उड्डाण रद्द केलं तर पूर्ण परतावा किंवा पर्यायी उड्डाण यांतलं एक मागायचा तुम्हाला हक्क आहे. मात्र कारण हवामानाचं असेल तर वर नुकसानभरपाई मिळत नाही. आणि तुम्ही स्वतः तिकीट रद्द केलंत तर ‘नॉन-रिफंडेबल’ तिकिटावरचेही सरकारी कर आणि विमानतळाची शुल्कं परत मिळायला हवीत. ती मागावी लागतात, म्हणून मागा. कोणी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. प्रवास विम्याच्या भरवशावरही फार राहू नका. बर्फ पडला नाही हे कारण विमा कंपनी धरत नाही आणि स्कीइंगमधली दुखापत साध्या पॉलिसीतून बहुधा वगळलेली असते. ते कलम वाचून मगच पॉलिसी घ्या.

ऐनवेळी निघणाऱ्याचा गृहपाठ वेगळा. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. हे श्रीनगरला उतरल्यावर कळलं तर ना हॉटेलवाल्याला फोन लागतो, ना पैसे भरण्याचा ओटीपी येतो. घरातलं एक तरी सिम आधी पोस्टपेड करून घ्या. श्रीनगर ते गुलमर्ग सुमारे पन्नास किलोमीटर, पण बर्फ पडल्यावर टंगमर्गपासून वरच्या तेरा किलोमीटरला साधी गाडी सोडत नाहीत. चाकांना साखळ्या लावलेली किंवा चारही चाकांनी ओढणारी गाडी घ्यावी लागते, तिचे पैसे वेगळे धरा. परतीचं विमान गुलमर्गहून उतरण्याच्या दिवशीच ठेवू नका. एक रात्र श्रीनगरला काढा. आणि सोमवारी ऑफिसात हजर व्हायचंच असेल तर रविवारचं शेवटचं विमान धरू नका.

आता निकाल. तारखेला बांधलेल्या कुटुंबाने आणि शिकायला निघालेल्याने लवकर बुक करावं, फक्त वाया जाऊ शकणाऱ्या रजेला आणि बुडू शकणाऱ्या पैशाला आधीच मर्यादा घालून. बर्फावरच ज्याचा जीव आहे आणि ज्याची रजा मोकळी आहे, त्याने थांबावं आणि जास्त भाडं कुरकुर न करता द्यावं. यांतल्या कुठल्याच गटात तुम्ही नीट बसत नसाल तर नाताळ सोडा, फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा धरा, खोली रद्द करता येईल अशीच घ्या आणि बाकीचे पैसे बर्फ पडेपर्यंत बँकेतच राहू द्या.